मद्य, महसूल आणि मेंदू

इ. स. १८७८ या एकाच वर्षी ब्रिटिश साम्राज्याच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये मेंदूच्या अभ्यासाला वाहिलेले ‘ब्रेन’ हे नियतकालिक सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच खंडात रॉबर्ट लॉसन या डॉक्टरांनी दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या रुग्णांच्या मेंदूविकारांची लक्षणे नोंदवली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारी परवान्याखाली आला आणि गावोगावच्या गुत्त्यांतून सरकारी तिजोरीकडे महसुलाचा ओघ सुरू झाला. राजधानीत दारूने मेंदूचे काय होते याची नोंद होत होती, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुलखात त्याच दारूचा लिलाव होत होता. हे दोन इतिहास सहसा वेगवेगळे सांगितले जातात. आम्ही येथे ते एकत्र वाचण्याचा प्रयत्न करीत आहोत, कारण आपल्या घरांत ते एकत्रच येऊन पोहोचले आहेत.

आम्ही व्यवसायाने संगणक अभियंता आहोत, वैद्य नाही. हा विषय आमच्याकडे ग्रंथालयातून नव्हे, घरातून आला. उत्तर नागपुरातील वस्तीत आमचे एक काका होते. गिरणीत काम करीत आणि संध्याकाळी पीत. चाळिशीच्या आसपास त्यांचा तोल जाऊ लागला. आजीने त्यांना दोन महिने घरात बसवून एक थेंबही मिळू दिला नाही, तरी चाल फेंगडीच राहिली. वस्ती म्हणे, ‘चोरून पितो.’ पुढे ते भलतेच सांगू लागले. दीक्षाभूमीवर १९५६ च्या सोहळ्यात आपण स्वतः बाबासाहेबांना पाण्याचा पेला दिला, असे ते शपथेवर सांगत. त्यांचा जन्म १९५८ चा. आम्ही पोरे हसत असू, मोठी माणसे त्यांना खोटारडा म्हणत. ते खोटे बोलत नव्हते, हे आम्हाला कळले ते इंग्लंडला आल्यावर, काका गेल्यानंतर कित्येक वर्षांनी.

व्यसन हा रोग आहे, असे प्रथम म्हणणारे

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन शहर जिन नावाच्या स्वस्त दारूत बुडाले होते. पार्लमेंटने १७२९ पासून १७५१ पर्यंत एकामागून एक कायदे करून ती आवरण्याचा प्रयत्न केला. विल्यम होगार्थ या चित्रकाराचे ‘जिन लेन’ हे प्रसिद्ध चित्र १७५१ चेच. त्या काळी दारुड्याकडे पाहण्याच्या दोनच दृष्टी होत्या : तो पापी आहे, किंवा तो गरीब असल्यामुळे मुळातच हीन आहे. दुसरी दृष्टी आपल्या परिचयाची आहे.

ही चौकट ज्यांनी मोडली त्यांत थॉमस ट्रॉटर हे स्कॉटिश डॉक्टर अग्रभागी होते. मद्यपानावरील प्रबंधावर त्यांनी १७८८ मध्ये एडिनबर्ग विद्यापीठाची पदवी मिळवली आणि १८०४ मध्ये त्याचा विस्तार ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मद्यपानाची सवय हा मनाचा रोग आहे, म्हणून त्यावर प्रवचनाने नव्हे तर उपचाराने मार्ग काढला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ट्रॉटर यांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. तरुणपणी त्यांनी ‘ब्रुक्स’ या गुलामवाहू जहाजावर शल्यवैद्य म्हणून काम केले होते. तेथे जे पाहिले त्याची साक्ष त्यांनी पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे दिली आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ते उभे राहिले. साखळदंडातील माणूस आणि बाटलीतील माणूस, दोघांकडेही त्यांनी माणूस म्हणून पाहिले.

अशीच दृष्टी आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांची होती. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला आणि अबकारी कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्याने शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. गुत्ता वाढला की गरिबाचे घर मोडते, हे जोतीरावांनी सरकारला ठणकावून सांगितले. सरकारला मात्र परवान्याची रक्कम दिसत होती.

एका जीवनसत्त्वाचा शोध

इकडे युरोपात मेंदूचा शोध पुढे जात होता. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८८१ मध्ये तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांनाही एकसारखी लक्षणे होती : डोळ्यांची हालचाल थिजलेली, चाल डळमळीत, मन गोंधळलेले. तिघेही दगावले. शवविच्छेदनात मेंदूच्या अगदी मध्यभागी, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला, बारीक रक्तस्राव आढळले. त्यांतील दोघे अट्टल मद्यपी होते. तिसरी होती एक तरुण स्त्री. तिने गंधकाम्ल प्राशन केले होते आणि त्यानंतर तिच्या पोटात अन्न ठरत नव्हते. दारूला न शिवलेल्या त्या स्त्रीच्या मेंदूत मद्यप्यासारखीच इजा का व्हावी, हे कोडे पुढे जवळजवळ साठ वर्षे सुटले नाही.

त्यानंतर १८८७ पासून मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव यांनी आणखी एक विकार वर्णिला. रुग्ण बोलतो नीट, जुने आठवते, पण नवे काही मनात टिकत नाही. आठवणीत जेथे भोके पडली आहेत तेथे मन आपोआप एखादी गोष्ट रचून बसवते, आणि सांगणाऱ्याला ती पूर्णपणे खरी वाटते. वैद्यकात याला ‘कन्फॅब्युलेशन’ म्हणतात. हे वर्णन प्रथम वाचले तेव्हा आम्हाला पाण्याचा तो पेला आठवला. आमच्या काकांच्या मेंदूने रिकाम्या जागी जे बसवले, ते आयुष्यातील सर्वांत मोठे जे काही त्यांना ठाऊक होते ते होते.

कोड्याचे उत्तर आले ते तांदळातून. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन यांना १८९० च्या दशकात असे दिसले की पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या काझिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये अशा अन्नघटकांना ‘व्हिटामाइन’ हे नाव दिले. कोंड्यातील तो घटक म्हणजे थायमिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व. मेंदू आपली ऊर्जा मुख्यतः साखरेतून घेतो आणि ती साखर जाळण्यासाठी पेशींना थायमिन लागते. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवडे पुरेल इतकाच असतो.

शेवटचा पुरावा मिळाला तो युद्धकैद्यांच्या छावणीत. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि हजारो सैनिक जपान्यांच्या कैदेत पांढऱ्या भातावर जगू लागले. दारूचा तेथे प्रश्नच नव्हता. तरीही काही आठवड्यांतच कैद्यांचे डोळे फिरू लागले, तोल जाऊ लागला, भान हरपू लागले. ह्यू डी वॉर्डनर आणि बर्नार्ड लेनॉक्स या कैदेतीलच दोन ब्रिटिश डॉक्टरांनी अशा ५२ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्या जपून राखल्या आणि १९४७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केल्या. थायमिन मिळाले ते रुग्ण सुधारत होते. वेर्निकेंची ती तरुणी, छावणीतले सैनिक आणि गुत्त्यावरचा कामगार यांना जोडणारा धागा थायमिनची उपासमार हा होता.

मद्यपी माणसावर ही उपासमार तिहेरी येते. तो जेवण टाळतो, दारू आतड्यातून थायमिन शोषू देत नाही, आणि यकृत बिघडल्यावर साठाही राहत नाही. ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात थायमिन मिसळण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली, ती आजही आहे. पण ज्याचे आतडेच ते घेत नाही त्याला पावाचा उपयोग थोडा. म्हणूनच रुग्णालयात अशा रुग्णाला थायमिन इंजेक्शनवाटे देतात. वेळेवर दिले तर डोळे आणि भान काही दिवसांत सुधारू शकतात. उशीर झाला तर थॅलॅमस आणि त्याखालील मॅमिलरी बॉडी हे स्मरणाशी निगडित भाग कायमचे खंगतात. आमच्या काकांना हे इंजेक्शन कोणी दिले नाही. त्यांना शिव्या मिळाल्या, गंडे-दोरे मिळाले आणि एकदा मारही मिळाला.

चौदा आणे

मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याकडे निघण्याच्या आधी अवघे काही दिवस, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. लंडनला १०, किंग हेन्रीज रोड येथे राहून, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे सभासद होते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला होता. त्यांनी सभागृहापुढे दोन आकडे ठेवले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च होतो १४ आणे. अबकारीतून दरडोई वसूल होतात २ रुपये २ आणे ९ पै. दारूतून लोकांकडून जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

या मागणीमागची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती प्रांतातील लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवली होती. शाळा वाढवायची तर पैसा हवा, आणि हाताशी असलेला मोठा पैसा गुत्त्याचा. बाबासाहेबांनी तेथे पिणाऱ्याला दोष दिला नाही, हिशेब मांडून दाखवला. ज्या पित्याची मजुरी गुत्त्यावर जाते त्याच्याच मुलाला शाळा नाही, आणि त्या मुलाची बुद्धी कमी म्हणून हिणवणारा समाज त्याच तिजोरीवर पोसला जातो. मेंदू दोन्ही पिढ्यांचा मारला जात होता, एकाचा दारूने आणि दुसऱ्याचा अक्षरबंदीने.

कवटी न उघडता

मेंदूचा आकार जिवंतपणी पाहता येईपर्यंत ही सारी विद्या शवागारातली होती. पाठीच्या कण्यातून हवा सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची एक पद्धत होती, पण ती फार वेदनादायक होती. त्यातून सुटका केली एका अभियंत्याने. गॉडफ्री हाउन्सफील्ड हे नॉटिंगहॅमशायरच्या शेतकरी कुटुंबातले. ईएमआय कंपनीत ते संगणकांवर काम करीत. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली क्ष-किरणांची मोजमापे संगणकाला दिली तर आतल्या प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढता येईल, ही त्यांची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. ते चित्र ८० गुणिले ८०, म्हणजे केवळ ६४०० चौकोनांचे होते. आज आमच्या भ्रमणध्वनीवरील एखादे बोधचिन्हही त्याहून मोठे असते. सीटी स्कॅन या नावाने ते तंत्र जगभर गेले आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

लॉसन यांच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, टोरांटोच्या पीटर कार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राच्या साहाय्याने एक आशादायक गोष्ट दाखवली : दारू सोडलेल्या काही रुग्णांचा आकसलेला मेंदू अंशतः पुन्हा भरून येतो. त्यानंतर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिॲट्रीमध्ये मारिया रॉन, विल्यम लिशमन आणि सहकाऱ्यांनी १०० मद्यपी पुरुषांची स्कॅनने तपासणी करून पुढे त्यांचा मागोवा घेतला. तो अभ्यास १९८२ मध्ये त्याच ‘ब्रेन’ नियतकालिकात आला. मद्यप्यांच्या मेंदूतील पोकळ्या रुंदावलेल्या आणि पृष्ठभागावरील खाचा खोल झालेल्या दिसल्या. जे दारूपासून दूर राहिले त्यांच्यात सुधारणा दिसली.

वर्षानुवर्षांच्या अतिमद्यपानाने मेंदूत जे बदल होतात ते साध्या शब्दांत असे. मेंदूचे एकूण आकारमान घटते. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचे, म्हणजे श्वेत द्रव्याचे, विशेष नुकसान होते. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर यंत्रे शाबूत असली तरी त्यांच्यामधल्या तारा झिजतात. कपाळामागील भागाला मोठा फटका बसतो. पुढचे पाहून वागणे, मोह आवरणे, चूक ओळखून मार्ग बदलणे ही त्याची कामे. ‘मनात आणले तर सोडेल’ असे आपण ज्याला म्हणतो, त्याचे मनात आणण्याचे अवयवच दुबळे झालेले असतात. मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा मधला पट्टा खंगला की चाल फेंगडी होते, आणि दारू थांबल्यावरही ती तशीच राहू शकते. आजीने दोन महिने घातलेला पहारा खरा होता. काका चोरून पीत नव्हते.

दारू सोडल्यानंतर पुढील काही आठवड्यांत व महिन्यांत श्वेत द्रव्य आणि एकूण आकारमान बऱ्याच अंशी सुधारू शकते. ज्या चेतापेशी मेल्या त्या परत येत नाहीत. वय जितके कमी, आहार जितका चांगला, तितकी सुधारणेची आशा अधिक.

थोडी चालते, हा समज

यू.के.तील आपल्या पिढीचे गुत्ते वेगळे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातील सारे पबमध्ये निघतात, आणि आपण न गेल्यास आपण वेगळे पडू ही भीती वाटते. वेगळे पाडले जाण्याची धास्ती आपल्या रक्तात जुनी आहे. नोकरी, गहाणकर्ज, व्हिसा आणि गावी वृद्ध आईवडील, या ताणात एक ग्लास रोजचा होतो. आपण तर मर्यादेत पितो, असे प्रत्येकजण सांगतो.

या मर्यादेबद्दल ब्रिटनमध्येच मोठे अभ्यास झाले आहेत. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यातील ५५० जणांच्या तीस वर्षांच्या मद्यपानाच्या नोंदी आणि मेंदूची एमआरआय चित्रे ताडून पाहून ऑक्सफर्ड आणि लंडनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला १४ ते २१ युनिट घेणाऱ्यांमध्ये, स्मरणाचे केंद्र असलेला उजवा हिप्पोकॅम्पस आकसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होती. थोडी पिणाऱ्यांना मेंदूच्या बाबतीत कोणताही लाभ दिसला नाही. २०२२ मध्ये यू.के. बायोबँकमधील ३६,००० हून अधिक व्यक्तींच्या चित्रांवरील अभ्यासात रोज एक-दोन युनिट घेणाऱ्यांतही मेंदूचे आकारमान किंचित कमी आढळले. असे अभ्यास संबंध दाखवतात, एकेका व्यक्तीचे भविष्य सांगत नाहीत. पण ‘थोडी औषधासारखी’ या वाक्याला त्यांनी आधार ठेवलेला नाही.

एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. २०१६ पासून येथील सरकारी सल्ला स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिटपेक्षा अधिक न घेण्याचा आहे. ७०० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या बाटलीत २८ युनिट असतात. आपल्या एखाद्या स्नेहमेळाव्यात दोघे मित्र रात्रीतून ती संपवतात, तेव्हा प्रत्येकाने सबंध आठवड्याची मर्यादा एका बैठकीत गाठलेली असते.

प्रज्ञा दुबळी होते

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत : धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, लज्जेचा लोप आणि सहावा, प्रज्ञेचे दुबळे होणे. बुद्धांना हिप्पोकॅम्पस ठाऊक होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. धम्माला असल्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. त्यांनी माणसे निरखून पाहिली आणि जे दिसले ते सांगितले, इतकेच. पाचव्या शीलातील कळीचा शब्दही ‘पमाद’, म्हणजे बेसावधपणा, हा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. अबकारीचा हिशेब १९२७ मध्ये मांडणारा अर्थशास्त्रज्ञ आणि १९५६ मध्ये प्रतिज्ञा देणारा बोधिसत्त्व एकच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रतिज्ञेचा अर्थ सोवळेपणा असा होत नाही. ज्यांची बुद्धी शतकानुशतके नाकारली गेली त्यांनी आपली प्रज्ञा कोणाच्याही गल्ल्यात जाऊ देऊ नये, असा तो अर्थ आहे.

म्हणूनच प्रतिज्ञा मोडणाऱ्याला बहिष्कृत करणे हे त्या प्रतिज्ञेचे सर्वांत मोठे उल्लंघन ठरेल. बहिष्काराचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे? आपल्यातील एखादे कुटुंब अचानक वंदनेला येईनासे होते, फोन उचलत नाही, भीमजयंतीची वर्गणी मात्र वेळेवर पाठवते. आपण समजून जातो आणि गप्प बसतो. त्या घरातील बाई ‘लोक काय म्हणतील’ म्हणून डॉक्टरकडे जात नाही.

त्या घरी कोणीतरी गेले पाहिजे, आणि जाताना तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली, रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडणे धोक्याचे असते. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. दुसरी, जी.पी.ला आठवड्याचे खरे युनिट सांगावेत आणि थायमिनबद्दल स्वतःहून विचारावे; एनएचएसमधील व्यसनमुक्तीची मदत विनामूल्य असते. तिसरी, पिणाऱ्या माणसाचे डोळे अस्थिर झाले, तोल गेला किंवा तो गोंधळून भलतेच बोलू लागला, तर ‘चढली आहे, झोपू द्या’ असे म्हणून थांबू नये. त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.

आमचे काका गेले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. शेवटच्या दिवसांत त्यांनी तो पाण्याचा पेला आम्हाला पुन्हा एकदा सांगितला आणि आम्ही पुन्हा एकदा हसलो. आज ते समोर असते तर आम्ही त्यांना विचारले असते, ‘काका, बाबासाहेब काय म्हणाले मग?’ आणि त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्यात नेले असते.

नमो बुद्धाय. जय भीम.